परब बाई आणि पंचावन्न किलो

परब बाई गेल्याचं मला दुपारी कळलं. शाळेतल्या आम्हा जुन्या कबड्डीवाल्या मुलींचा एक ग्रुप आहे, त्यावर ज्योतीचा मेसेज होता : 'बाई गेल्या. आज सकाळी. हार्ट अटॅक. मुलुंडला मुलाच्या घरीच होत्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली होती. मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करते. समोर तीन पेशंट बसले होते. मी फोन पालथा ठेवला, तिघांचं रक्त घेतलं, नळ्यांवर नावं लिहिली आणि मग मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले. रडू आलं नाही. आता पाच-सहा आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही. बाई मला फार आवडायच्या असंही मी म्हणणार नाही. आवडण्याची सोय त्यांनी कधी ठेवलीच नाही. पण माझ्या आयुष्यात चूक कबूल करणारी मोठी माणसं मोजकी आली, आणि त्यांतल्या पहिल्या त्या होत्या, म्हणून हे लिहिते आहे.

विक्रोळीच्या आमच्या मराठी शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवायच्या. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडचं. स्वतः बाई तरुणपणी नावाजलेल्या चढाईपटू होत्या. शिट्टी कधी वापरली नाही. दोन टाळ्या वाजल्या की मैदान गप्प. रागावल्या की मालवणीत शिरायच्या, "काय गो, खंय बघतंस? खेळ हय आसा!" आणि मग ज्या मुलीला ते उद्देशून असे तिचे कान आठवडाभर लाल. आमच्यातल्या बहुतेकींचे वडील कंपन्यांमध्ये कामाला, घरं दोन खोल्यांची. मुलींनी शाळा सुटल्यावर दोन तास मैदानात घालवावेत, यासाठी बाई घरोघर जाऊन आयांशी भांडलेल्या होत्या. हेही खरं, आणि पुढचंही खरं.

किशोरी गटात खेळायचं तर वजन पंचावन्न किलोच्या आत लागतं. खेळाच्या सामानाच्या खोलीत दाराशी एक वजनकाटा असे. दर शनिवारी आम्ही ओळीने त्यावर उभ्या राहायचो आणि बाई आकडा मोठ्याने वाचायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता. हजेरी घ्यावी तसं ते चालायचं. मी तेव्हा पंधरा वर्षांची, डाव्या कोपऱ्यावर खेळणारी. माझ्या मांड्या भरदार होत्या आणि घोट्याची पकड मी एकदा घातली की सुटत नसे. त्या मांड्यांसकट माझं वजन साडेसत्तावन्न भरलं. जिल्ह्याची निवड पाच महिन्यांवर होती. बाई म्हणाल्या, "अडीच किलो. बस्स. उतरव." एवढंच. कसं उतरवायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते सगळ्या मुलींना ठाऊक असायचं... मोठ्या मुलींकडून धाकट्यांकडे आलेली विद्या होती ती.

आधी मी भात सोडला, मग पोळी. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारचा डबा मैत्रिणीला. आईला सांगायचं, शाळेतच खाल्लं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "वैशू किती छान बारीक झालीय गं!" आणि मला वाटायचं, आपलं बरोबर चाललंय. शेवटच्या आठवड्यात मार्च महिन्याच्या उन्हात अंगावर रेनकोट चढवून मैदानाला चकरा मारल्या. निवडीच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा बंद. तहान लागली की चूळ भरून थुंकायचं. काट्यावर आकडा आला चोपन्न आठशे. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार हवीहवीशी होती, हेही आता कबूल करते.

पहिला सामना निभावला. दुसऱ्यात समोरची मुलगी चढाईला आली, मी नेहमीसारखी तिच्या घोट्यावर झेप घेतली आणि हातात तिचा पाय असूनही बोटं मिटेनात. पुढचं मला आठवत नाही. ज्योती सांगते की मी उठून उभी राहिले, दोन पावलं चालले आणि सरळ तोंडावर पडले. पुढचा अर्धा दात तुटला. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावलं. शुद्ध आली तेव्हा पायाशी बाई बसल्या होत्या, आणि दारात आई उभी होती, मशीनवरून शिवण टाकून तशीच आलेली, खांद्यावर दोऱ्याचे धागे.

माझी आई कुणाला उलट बोलणारी नव्हती. शाळेतल्या बाईंना तर नाहीच. त्या दिवशी ती आवाज न चढवता म्हणाली, "बाई, मी पोरगी तुमच्याकडे खेळायला पाठवली होती. चार महिने तिची पाळी आली नाहीये. मला वाटलं, वयात असं होतं मागेपुढे. आता डॉक्टरीण म्हणते, खाणंच नाही तर कुठून येणार."

बाई माझ्याकडे वळल्या. "मला का नाही सांगितलंस?"

ग्लानीत होते म्हणून असेल, किंवा दात तुटल्याचा राग असेल, मी म्हणाले, "तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही वजन विचारायचात."

बाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं. आता संघातून नाव जाणार.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याच डॉक्टरीणबाईंकडे परब बाई चार दिवस जात राहिल्या. ओपीडी संपेपर्यंत बाकावर थांबायच्या आणि मग वही उघडून विचारायच्या : वाढत्या वयातल्या, रोज दोन तास खेळणाऱ्या मुलीला किती खायला लागतं? खेळाआधी काय, खेळानंतर काय? वजन वाढणं म्हणजे चरबीच का? पाळी बंद होते तेव्हा हाडांचं काय होतं? पन्नाशीला आलेली बाई, पंचवीस वर्षं मुलींना खेळवलेली, शाळकरी पोरीसारखी लिहून घेत होती. डॉक्टरीणबाईंनीच हे पुढे आईला सांगितलं.

मग एका शनिवारी त्यांनी मुलींसोबत आयांनाही बोलावलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. बाई समोर उभ्या राहिल्या. त्यांना भाषण येत नसे. म्हणाल्या, "वैशाली पडली ती माझ्यामुळे. मी आकडा सांगितला, रस्ता सांगितला नाही. मला माहीत होतं मुली काय करतात. मीपण तेच केलं होतं तुमच्या वयात. माझ्या सरांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. आता बंद. ज्या मुलीचं वजन गटात बसत नाही ती वरच्या गटात खेळेल. हरली तर हरेल." एवढं बोलून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि सराव सुरू केला. आया एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईंचे डोळे कोरडे होते, आवाजही नेहमीचाच. त्यामुळेच की काय, ते खरं वाटलं.

हरलोच आम्ही. सलग दोन वर्षं. वरच्या गटातल्या अठरा-एकोणीसच्या मुली आम्हाला उचलून आपटायच्या. जिल्ह्याच्या निवड समितीतून बाईंचं नाव गेलं, मुख्याध्यापकांनी विचारलं की कपाटात नवीन ढाल का येत नाही. बाईंनी उत्तर काय दिलं ते माहीत नाही, पण काटा परत दाराशी आला नाही. त्याऐवजी नवीन नियम आला : सरावाला येताना प्रत्येकीने घरातून मूठभर काहीतरी आणायचं. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खजूर, कुणाकडे केळं, कुणाकडे उकडलेलं अंडं. सगळं एका परातीत, आणि खाल्ल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. "वडापाव चालेल का बाई?" असं कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "खा की, रविवारी. रोजचा वडापाव पकडीत दिसतो." आमच्यात एक मुलगी खरंच जाड होती, धाप लागायची तिला. तिला वाटलं, आता आपल्याला कुणी काही म्हणणार नाही. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की उपाशी अजिबात राहायचं नाही, पण वेफरची पाकिटं आणि कोल्ड्रिंक बंद, आणि आईला घेऊन डॉक्टरकडे जायचं. सगळ्यांदेखत मात्र तिच्या अंगाबद्दल एक शब्दही नाही. दोन वर्षांनी ती आमच्यातली सगळ्यात चांगली मधली रक्षक झाली. वजन तिचं किती होतं, मला आजही माहीत नाही.

माझी पाळी त्या पडण्यानंतर सातव्या महिन्यात परत आली. मी कबड्डी बारावीपर्यंत खेळले. राज्यापर्यंत पोचले नाही. पोचले असते का, हा प्रश्न कधीकधी मनात येतो... पण त्याचं ओझं होत नाही.

निवृत्तीनंतर बाई मुलुंडला मुलाकडे राहायला गेल्या. साठीच्या आतच त्यांचं मनगट मोडलं, नंतर दोन वर्षांनी खुबा. न्हाणीघरात नुसत्या घसरल्या होत्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "हाडं मी तेव्हाच खाऊन टाकली गं, सोळाव्या वर्षी." स्वतःची कीव त्यात नव्हती. काठी टेकत त्या सोसायटीजवळच्या मैदानावर जायला लागल्या आणि वर्षभरात पुन्हा पंधरा-वीस मुली त्यांच्याभोवती जमल्या.

माझी मुलगी सानिका चौदा वर्षांची आहे. आठशे मीटर धावते, एका खाजगी अकॅडमीत जाते. गेल्या वर्षी तिने घरात पोळी-भात बंद केला. फोनमध्ये एक ॲप होतं, त्यात घासाघासाची नोंद. "मम्मी, हलकी असले की टायमिंग सुधारतं, सगळे सांगतात." मी समजावलं, रागावले, तिच्यासाठी महागडी प्रोटीन पावडरही आणली. एका रविवारी तिला घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी तांदळाचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. सानिका म्हणाली, "सॉरी आजी, मी कार्ब्ज नाही खात."

"मगे धावतंस कशाच्या जीवार?" बाईंनी विचारलं. सानिकाला मालवणी कळली नाही, ती हसली. बाई हसल्या नाहीत. ताट बाजूला सारून त्यांनी सरळ विचारलं, "पाळी येते ना वेळेवर?"

सानिकाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "तीन महिने नाही आली."

मला हे माहीत नव्हतं. दिवसभर लोकांचे रिपोर्ट हातात घेणारी मी, घरात तिच्या पोळ्या मोजत बसले होते. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सानिकाचा हात धरून तिला स्वतःच्या मोडलेल्या मनगटाची जागा दाखवली, हाड कसं वाकडं जुळलंय ते. उपदेश असा केलाच नाही. नुसतं म्हणाल्या, "तुझं टायमिंग किती आहे?" सानिकाने सांगितलं. "आणि तीन महिन्यांपूर्वी?" टायमिंग घसरलेलंच होतं, ती आमच्यापासून तेही लपवत होती. बऱ्याच वेळाने तिने अर्धा घावणा खाल्ला. सोमवारी मी तिला डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन किती निघालं ते लिहीत नाही. तपासणी माझ्याच लॅबमध्ये झाली आणि मी तो कागद दोनदा वाचला. सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं नाही. अजूनही काही दिवस ताटावर ती रेंगाळते. पण ॲप काढलंय, पाळी आलीय, आणि अकॅडमीच्या सरांशी जाऊन मी बोलले आहे. सर म्हणाले, बघू.

बाईंना जाऊन तीनेक आठवडे झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सून प्रिया एकटीच होती. बँकेत नोकरी करणारी, कमी बोलणारी. चहा ठेवता ठेवता तिने सांगितलं की बाई जाण्याच्या आदल्या रात्री मैदानावरच्या मुलींसाठी दिवसभर भिजवलेले हिरवे मूग उपसून, मोठ्या पातेल्यात मोड यायला झाकून झोपल्या होत्या. सकाळी त्या गेल्या. घरात माणसं, रडारड, स्मशान... पातेल्याकडे कुणाचं लक्षच नाही. दुसऱ्या दिवशी हिने झाकण उघडलं तर मुगांना बोटाच्या पेराएवढे मोड आलेले.

"सुतकातल्या घरचं बाहेर देत नाहीत म्हणे," प्रिया म्हणाली. "ह्यांच्या आत्या नको नको म्हणत होत्या. पण फेकवेना मला. कांदा-टोमॅटो घालून उसळ केली आणि संध्याकाळी नेली मैदानावर. मुली आल्याच होत्या सगळ्या, नुसत्या बसून होत्या. दोघी-तिघी रडत होत्या. मला काय बोलावं कळेना, मी आपली वाट्या भरून दिल्या हातात. वाटलं, कुणी खाणार नाही."

"मग?"

प्रियाने गॅस बंद केला. "सगळ्यांनी खाल्लं. आणि एक चांगली थोराड मुलगी आहे, ती रिकामी वाटी घेऊन उठून आली नि म्हणाली, 'काकी, अजून आहे?'"