वहिनीच्या विहिरीचं पाणी

महिपतराव पाण्याचा पेला कधी सरळ तोंडाला लावत नसत. आधी उजेडाकडे धरायचे, मग नाकाशी न्यायचे, मग प्यायचे. "पाणीच आहे ते, विष नाही," त्यांची बायको शेवंती म्हणायची. पण सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात काढलेल्या माणसाचा हात दुसरं काय करणार? मदतनीस म्हणून लागले, ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. गढूळ पाण्यात तुरटी घालून आधी झपाझप ढवळायचं, मग अगदी संथ. गाळाचे कापसासारखे पुंजके तळाला बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूतून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन. क्लोरीन घातल्यावर अर्धा तास तरी दम धरायचा. हे ऐकून ऐकून शेवंती चहा पुढ्यात ठेवतानाही "अर्धा तास थांबा हं" म्हणून चिडवायची.

इतक्या लोकांना पाजलेलं ते पाणी त्यांना स्वतःला मात्र कधी गोड लागलं नाही. गोड पाणी एकच, पोलादपूरकडच्या वाडीतल्या विहिरीचं. आई लवकर गेली, वहिनीनं वाढवलं. शाळेतून आलं की ती पोहरा कलता करायची आणि हे ओंजळ लावायचे. कातळाचा आणि ओल्या नेच्याचा वास असलेलं ते गार पाणी शहराकडे, नवघरच्या दोन खोल्यांत बसूनही त्यांना आठवायचं. दादा गेल्यापासून वहिनी तिथे एकटीच होती, आणि ह्यांचं जाणं दर वर्षी पुढे ढकललं जात होतं.

मित्राच्या लग्नाला महाडला गेलेला त्यांचा मुलगा निकेत वाट वाकडी करून काकूला भेटला आणि येताना विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आला. महिपतरावांनी पेला भरला, नाकाशी नेला. तोच वास! ओठांपर्यंत नेलेला पेला त्यांनी खाली ठेवला आणि कपाटातून पाणी तपासायच्या औषधाची छोटी बाटली काढून तीत थोडं पाणी भरलं. पाण्यात मैलघाण मिसळली असेल तर उबेत ही बाटली काळी पडते.

"वहिनींचीसुद्धा परीक्षा?" शेवंती म्हणाली.

"सवय गं, नुसती सवय."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर उबेला ठेवलेली बाटली काळीकुट्ट झाली होती.

"कॅन नवा होता, बाबा," निकेत म्हणाला. "पण विहिरीत पालापाचोळा खूप पडलाय. काठही खचलाय. आता एकट्या काकूच पाणी काढतात. बाकी घरांना कुलपं आहेत."

महिपतरावांनी बाटली उचलून उजेडाकडे धरली. वाडी सोडून इकडे आलेल्यांत तेही होतेच. त्या विहिरीत क्लोरीनची पावडर पडली की तिचंही पाणी नळासारखंच लागणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण वहिनी तेच पाणी रोज पीत होती. त्यांनी फोन लावला.

"वहिनी, विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. खराब झालंय."

"नळाचं पिऊन माझ्या हिरीला नावं ठेवतोस व्हय रे? ह्याच पान्यावर वाढलास तू!"

"तेव्हा सगळी वाडी उपसत होती गं. पोट दुखतं का तुझं?"

"दुखतं अधनंमधनं. मी म्हनलं, वय झालं."

"निकेतबरोबर पावडर पाठवतो. किती घालायची ते तो सांगेल."

"पावडर पाठवू नगंस. घेऊन ये. हीर उपसायला मानूस लागतंय, पावडर न्हाय उपसत."

फोन ठेवून त्यांनी कॅन मोरीत रिकामा केला. पेला तेवढा राहिला होता. तो पुन्हा एकदा नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि मग तोही ओतून टाकला. शेवंतीनं न विचारताच माळ्यावरची बॅग खाली काढली होती.

"परत कधी यायचं म्हणताय?"

"आधी उपसून तर होऊ दे," महिपतराव म्हणाले आणि पेला विसळायला घेतला.