बाबांनी धरलेला फलक

कॉलेजच्या मेसमध्ये कुणी संत्रं सोललं की मला अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावच्या लायब्ररीबाहेरच्या रोझाआजी आठवतात. हिटलरच्या छळछावणीतून लहानपणी वाचलेल्या या आजी दर शनिवारी पॅलेस्टाइनमध्ये मारल्या गेलेल्या मुलांची नावं लिहिलेला फलक घेऊन तिथे उभ्या राहायच्या. मी सातवीत होते. एकदा संत्रं सोलायचं म्हणून त्यांनी तो फलक माझ्या हातात दिला.

बाबा गाडीतून उतरून धावत आले. "वेडी आहेस का? कुणी फोटो काढला तर ग्रीन कार्ड अडकेल आपलं!"

त्यांनी फलक हिसकावून घेतला. आजींचे हात रसाने चिकट झाले होते, म्हणून बाबा तो जमिनीवर ठेवायला वाकले आणि तसेच थांबले. अक्षरांना पाय लागू देऊ नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग फलक छातीशी धरून, मान वळवून ते उभे राहिले.

"यू आर अ गुड मॅन," आजी म्हणाल्या.

"नो, नो, मॅडम," बाबा घाईघाईने म्हणाले. पण आजींचं खाऊन होईपर्यंत ते हलले नाहीत.

ते धैर्य होतं की नुसती सवय? आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, तरी मला अजून ठरवता येत नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी काचा वर केल्या.

"आईला सांगू नकोस," एवढंच ते म्हणाले.