तोफखान्यानंतरची चक्की

तोफखान्यातून मी निवृत्त झालो तेव्हा मुलींची शाळा दिल्लीत चालू होती, म्हणून साताऱ्याला न परतता आम्ही दिल्लीच्याच द्वारका उपनगरात राहिलो. तिथे नव्या सोसायट्या भराभर भरत होत्या, मेट्रो अजून यायची होती आणि दळणासाठी लोकांना पार पालमला जावं लागे. मी गाळा घेऊन पिठाची चक्की टाकली.

यंत्राशी माझं लगेच जमलं, गिऱ्हाइकांशी जमेना. दोन महिन्यांत निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक ताई राहायच्या, सरकारी कचेरीत अधिकारी. एका शनिवारी सकाळी त्यांनी थालिपिठाची भाजणी आणली. जाताना काहीतरी म्हणाल्या, मी मान डोलावली. दुपारी त्या डबा घेऊन परत आल्या.

"भाऊ, जाडसर दळा म्हटलं होतं मी. हे मैद्यासारखं झालंय."

"चक्कीच्या आवाजात राहून गेलं असेल, ताई."

"चक्की तेव्हा बंद होती. आणि तुम्ही ओरडता का हो एवढं?"

"मी कुठे ओरडतोय?"

"आत्ताही ओरडताय. तो समोरचा केमिस्ट बघा."

केमिस्ट खरंच काम सोडून आमच्याकडे बघत होता. मी स्टुलावर बसलो आणि बायकोलाही धड न सांगितलेलं त्यांना सांगून टाकलं. तोफांनी डावा कान पार गेला होता, उजव्याने निम्मंच ऐकू येई. लाजेपायी मी सगळ्यांना नुसतं "अच्छा, अच्छा" करत होतो.

ताई हळहळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तोफेवर हुकूम आला की काय करायचात?"

"मोठ्याने परत म्हणून दाखवायचो. चूक व्हायला नको म्हणून."

"मग इथेही तेच करा. फक्त हळू आवाजात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. काय दळायचं, जाड की बारीक, हे ज्याने त्याने लिहून डब्यात टाकायचं. मग अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या मला लष्करी इस्पितळात घेऊन गेल्या, कारण एकटा गेलो असतो तर डॉक्टरांसमोरही मी मानच डोलावली असती. कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी चक्कीच्या पट्ट्याची घरघर ऐकून मी ते घाबरून काढूनच ठेवलं.

पुढचे कितीतरी रविवार ताई गल्ल्याशेजारी उभ्या राहायच्या. माझा आवाज चढला की तळहात खाली दाबून दाखवायच्या. गेलेल्या बायका एकेक करून परत आल्या. त्यातल्या एकीने कबूल केलं, "भाईसाहब, हमें लगता था आप नाराज़ हैं."

नंतर माझ्या पलटणीतल्या दोघांनी दुकानं काढली, एकाने मुनिरक्यात झेरॉक्सचं, दुसऱ्याने द्वारकेतच भाजीचं. सुरुवातीचे काही आठवडे मी त्यांच्याकडे जाऊन उभा राहत असे आणि त्यांचाही आवाज चढला की तळहात तसाच खाली दाबून दाखवत असे. हे कुणाकडून शिकलो, तेही सांगितलं होतं.

ताई निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. झेरॉक्सवाला एका लग्नासाठी तिकडे गेला होता, तो मुद्दाम घर शोधून त्यांच्या पाया पडून आला. हा कोण, का आला, ताईंना काही कळेना. फोनवर मला हे सांगताना त्या कितीतरी वेळ हसत होत्या.