दोराचं दुसरं टोक

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या मोठ्या मामाचं. रिसोडच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठी त्याचं गाव. वडील गेल्यावर आई मला घेऊन तिथेच राहिली, आणि पुढे तीही गेली तेव्हा मामाने मला शाळेतून काढलं नाही. उन्हाळ्यात नदी आटली की तो वाळूत टरबुजं लावायचा, बाकीचे महिने मिळेल ते काम करायचा. त्याला वाचता येत नव्हतं. मी मात्र रिसोडला मॅट्रिक झालो, अमरावतीला इंजिनियर झालो आणि एकोणीसशे सत्तरच्या दशकात एका शिष्यवृत्तीवर पश्चिम जर्मनीत पंपांच्या कारखान्यात शिकायला गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

पोहायलाही त्यानेच शिकवलं. गावच्या विहिरीत आम्हाला उतरू देत नसत, म्हणून पावसाळा सरल्यावर तो मला नदीच्या डोहावर न्यायचा. आमच्याकडे पोराच्या कंबरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडायची रीत होती. दोराचं दुसरं टोक कोणी झाडाला बांधायचं, कोणी हातात धरून काठावर बसायचं. मामा ते टोक स्वतःच्या कंबरेला बांधायचा आणि गुडघाभर पाण्यात उभा राहायचा.

"मामा, काहून बांधून घेता? हातातच धरा ना."

"हात सुटते बापा. कंबर कायची सुटते?"

जर्मनीतलं शिक्षण संपत आलं तेव्हा कारखान्याने मला विचारलं, इथेच नोकरीला राहता का? पगार चांगला होता. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि मामाला तसं कळवलं. त्याचं उत्तर गावच्या मास्तरांच्या अक्षरात आलं, पण शब्द मामाचेच होते. 'मागच्या अंगाले तुझ्यासाठी खोली काढली आहे. भिंती झाल्या. तू येत असशील तं वर टिनं टाकतो, नाही तं राहू देतो. तिथं राह्यला तरी राग नाही. फक्त एकदा लिहून टाक.'

ते एकदा लिहिणं मला जमेना. निळं हवाईपत्र टेबलावर उघडं पडलेलं असे. मी बसायचो, 'प्रिय मामा' लिहायचो आणि उठायचो. खिडकी उघडायचो, लावायचो. कारखान्यात चाचणीला लावलेल्या पंपाची नोंद घ्यायची राहून जायची. खोलीत बसणंच नको वाटू लागलं, म्हणून दर शनिवारी मी नदीवर जाऊ लागलो.

नदीवर नेणारे दोघे होते. एक माझ्याच विभागातला, इतका उंच की मी मनातल्या मनात त्याला लांब्या म्हणायचो. दुसरी त्याची बहीण, ती शाळेत व्यायाम शिकवायची. दोघांना कयाकचं वेड. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती होडी. पाय आत सरळ पसरून बसायचं, कंबरेभोवतीची रबरी झालर होडीच्या काठावर घट्ट बसवायची म्हणजे पाणी आत येत नाही, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत खडकांमधून उसळणाऱ्या पाण्यात उतरायचं. उलटलात तर डोकं खाली, होडी वर. तशातच वल्ह्याचा एक फटका मारून पुन्हा सरळ व्हायचं. ते नाहीच जमलं तर झालर ओढून बाहेर पडायचं.

हिवाळाभर लांब्याच्या बहिणीने मला पोहण्याच्या तलावात तो फटका शिकवला. तलावात जमायचा. नदीत मी दर वेळी बाहेरच पडायचो, आणि माझी होडी एकटीच पुढे निघून जायची. लांब्या तिच्यामागे वल्ही मारत जायचा आणि चिडवायचा.

"तुझ्या गावात नदी आहे का रे खरंच?"

"आहे. उन्हाळ्यात आम्ही तिच्यात टरबुजं लावतो."

"नदीत?"

"नदीत."

"बघ," तो बहिणीला म्हणाला, "हा शेतकरी आहे. पाण्यात पडला की आधी जमीन शोधतो."

मीही हसलो. पण उलटलो की मला एकच गोष्ट सहन होत नसे. होडी जाते आणि मी मागे राहतो. धरायला काही उरत नाही.

मेच्या सुरुवातीला आम्ही आल्प्समधल्या एका नदीवर गेलो. बर्फ वितळायला लागलं होतं. पाणी दुधाळ हिरवं, आणि इतकं गार की हात बुडवला की बोटं आपली वाटत नसत. ते दोघे पुढे जाऊन खडक बघत होते, तेवढ्यात मी पिशवीतून नायलॉनचा दोर काढला. एक टोक जाकिटाखालून कंबरेला बांधलं, दुसरं होडीच्या शेंड्यावरच्या कडीला. गाठ मामाने शिकवलेली. बांधल्यावर फार दिवसांनी जरा स्थिर वाटलं.

दुसऱ्याच वळणावर उलटलो. फटका जमला नाही, झालर ओढली, बाहेर आलो. समोर पाण्यात अर्धा बुडालेला मोठा खडक होता. होडी त्याच्या डावीकडून गेली, मी उजवीकडून. मधला दोर खडकाला अडकून ताठ झाला आणि पाण्याने मला खाली दाबलं. मी वर यायला बघत होतो आणि माझीच गाठ मला खाली ओढत होती. बोटांनी ती चाचपली. मामाची गाठ, ती ताणली की आवळते. त्या वेळी मनात भीतीपेक्षा वेगळंच काही आलं. त्या खोलीवर टिनं पडायची राहिली, आणि मामाला कोणी सांगणार नाही की थांबू नको.

मग एकदम सैल झालं. लांब्या खडकावर चढला होता, त्याने चाकूने दोर कापला. खालच्या वळणावर त्याच्या बहिणीने मला कॉलर धरून काठाला आणलं. मी दगडावर पडून खोकत होतो. कापलेला दोर कंबरेला तसाच लोंबत होता.

तिने तो हातात घेऊन पाहिला. "हे कोणी बांधलं?"

"मी."

"मूर्ख आहेस का तू? वाहत्या पाण्यात कोणी स्वतःला बांधून घेतं?"

"आमच्याकडे बांधतात," मी म्हणालो. दात वाजत होते. "लहानपणी पोहायला शिकवताना. पण दुसरं टोक होडीला नसतं. माझ्या वेळी ते मामाच्या कंबरेला होतं."

लांब्या वल्हं पुसत होता, तो थांबला. "म्हणजे तू वाहून गेला असतास तर तोही गेला असता."

"हो."

"त्याला माहीत होतं हे?"

"त्यासाठीच बांधायचा तो."

लांब्याने आपला स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला. त्याची बहीण म्हणाली, "तुझ्या मामाचं चुकत होतं." मग हातातला दोर सोडून देत, "पण मला असा एक मामा हवा होता."

गाडीत मी मागे बसलो होतो. इतक्या वर्षांत मी डोहाची आठवण पुष्कळदा काढली होती, पण तिच्यात नेहमी मीच पोहत असायचो. त्या दिवशी पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात उभा असलेला मामा दिसला. हात मोकळे, नजर माझ्यावर. तो अजून तसाच उभा होता, आणि मी उत्तर देत नव्हतो म्हणून त्याला काठावर जाता येत नव्हतं. राहायचं की जायचं यापेक्षा हे मला जास्त लागलं. आणि ते लागल्यावर, मला कुठे जायचं आहे तेही कळलं.

खोलीवर आलो आणि ओले कपडे न बदलताच बसलो. या वेळी उठलो नाही. मास्तर वाचून दाखवतील तेव्हा मामाला घरात बोलल्यासारखं वाटावं म्हणून आमच्या बोलीतच लिहिलं.

'मामा, जयभीम.

उत्तराले उशीर झाला. तुमी इचारलं ते मी रोज वाचत होतो. इथले लोक चांगले आहेत. दोन दोस्त असे भेटले का त्यायनं मले पाण्यातून काढलं, ते आल्यावर सांगीन. घाबरू नका, मी धड आहे.

इथं राह्यलो तं पगार मोठा भेटन. पण मले तिकडं यायचं आहे. तुमी बोलावलं म्हून नाही, तुमी तं बोलावलंच नाही. मलेच यायचं आहे. तिकडं येऊन पंपायचंच काम पाहीन, वाशिमले नाही तं अकोल्याले. रोज घरी राहीन असं कबूल करत नाही. पण खोली माझी आहे.

टिनं टाका.

येण्याचा दिवस मंग कळवतो. फाट्यावर येऊन बसू नका, एष्टी कधी येते त्याचा भरोसा नाही. बसलेच तं सावलीत बसा.'