कडकमावशीच्या चार दाढा

कडकमावशी हे नाव स्वभावावरून पडलं असेल, असं नवख्यांना वाटायचं. स्वभाव तसा होताच, पण नाव दिलं होतं हमालांनी आणि तेही कामावरून. धान्याच्या गोदामात ट्रक लागला की मावशी पोत्यात पोकळ सळई खुपसायची, सळईतून तळहातावर आलेल्या गव्हातला एक दाणा दाढेखाली धरायची आणि चावायची. दाणा कट्‌ करून फुटला की म्हणायची, "कडक." म्हणजे वाळलेला आहे, उतरवा. दाणा फुटायच्या ऐवजी दबला, चपटा झाला, की म्हणायची, "नरम." म्हणजे ओल आहे, माल परत न्या. बावीस वर्षं या दोन शब्दांवर गोदाम चाललं. बाकीच्या बायका पोती शिवायच्या, झाडलोट करायच्या. हिने तोंड उघडल्याशिवाय मात्र एक पोतं हलत नसे.

पलीकडच्या गोदामात ओल मोजायचं मशीन होतं. इकडचा मालक मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगायचा, "मशीन चुकेल, आमची मावशी चुकायची नाही." हे ऐकून मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एक दाणा चावून दाढेला काही होत नाही. पण रोज शंभर-दीडशे दाणे, आणि गव्हात खडे असायचेच. पहिली दाढ खड्यानेच उभी चिरली. दुसरी किडून गेली. मग सगळा भार उजव्या बाजूवर आला आणि तिकडच्याही दोन गेल्या. सहा वर्षांत खालच्या चार दाढा साफ. दाढ काढायला फारसं काही लागत नाही हो, खरी मेख बसवण्यात असते. डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा मावशीला वाटलं, आपण दाढांची चौकशी केली की स्कूटरची?

"बघू पुढे," म्हणून ती उठली. त्या वर्षी मुलीच्या नर्सिंगची फी होती. पुढच्या वर्षी छत गळायला लागलं. मग नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. घरातलं प्रत्येक काम तिच्या तोंडाच्या आधी रांगेत घुसायचं आणि तिलाही ते बरोबरच वाटायचं. छत गळलं की चारचौघांना दिसतं, हिच्या तोंडातलं भगदाड कुणाला दिसणार? पुढचे दात तर झकास होते.

एकदा भाजलेले शेंगदाणे खाता खाता नवरा म्हणाला, "आता या वयात दाढा कशाला? मऊ खात जा की."

मावशीने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली, शेंगदाणे मिक्सरमध्ये घातले आणि भुगा त्याच्या पुढ्यात आदळला. "घ्या. तुम्हीही मऊ खा."

शेवटी ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली, तर ते तिच्यावरच उखडले. खाली आधार नाही म्हणून वरच्या दाढा खाली उतरल्या होत्या, खालचं हाड झिजलं होतं, खर्च आणखी वाढला होता. "लवकर यायला काय झालं होतं?"

"आले होते की. तेव्हा तरी कुठे परवडत होतं?" मावशी म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली. पैसे नाहीत म्हणून थांबायचं, आणि थांबलो म्हणून जास्त पैसे भरायचे. हा कुठला न्याय, असं ती रस्ताभर पुटपुटत होती.

गोदामात तिने कुणाला काही कळू दिलं नाही. ती दाणा पुढच्या दातांनी चावायला लागली आणि घोटाळा झाला तो इथेच. दाढ दाणा चिरडते, पुढचे दात तो कापतात. थोडी ओल असलेला दाणाही पुढच्या दातांखाली कट्‌ करतो. हे मावशीला ठाऊक होतं. म्हणून ती कोपरापर्यंत हात पोत्यात घालून गारवा बघायची, वास घ्यायची, दाणे मुठीत खुळखुळवून कान द्यायची. वर्षभर निभावलं. मग एका सकाळी पाच ट्रक एकदम आले, ड्रायव्हर बोंबलू लागले, आणि एका ट्रकपुरता पोत्यात हात घालायचा राहून गेला. नुसताच दाणा चावून ती म्हणाली, "कडक."

बाराव्या दिवशी त्या ट्रकमधल्या पोत्यांची थप्पी तापली. आंबूस वाफ येत होती, आतल्या गव्हाची ढेकळं झाली होती.

मालक तिच्याहून दहा वर्षांनी लहान. सगळ्या हमालांसमोर तो म्हणाला, "मावशी, तोंड उघडा."

"काय?"

"उघडा, बघू द्या."

आणि तिने उघडलं. का उघडलं, याचा राग तिला जन्मभर पुरणार आहे. मालकाने मोबाइलचा टॉर्च लावला आणि बैल विकत घेणाऱ्यासारखा वाकून आत बघितलं. "इथे तर सगळा उजेड आहे! सांगायचं ना मावशी, तेव्हाच मशीन आणलं असतं."

"मग इतकी वर्षं का नाही आणलं?"

मालक हसला. यात काही लपवण्यासारखं आहे, असं त्याला वाटलंच नाही. "तुमच्या दाढा होत्या ना! उगाच कशाला खर्च?" मग तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही पोती शिवा."

रात्री मुलीने फोनवर मशीनची किंमत शोधली. एका दाढेच्या पैशांत एक मशीन येत होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं जे कौतुक म्हणून ऐकलं, ती मालकाची काटकसर होती.

मशीन तिसऱ्या दिवशी आलं. मालकाने त्यात दारातल्या ट्रकमधला गहू ओतला, एक आकडा आला. पुन्हा ओतला, भलताच आला. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. मालकाने सवयीने एक दाणा पुढे केला. "मावशी, एकदा चावून बघा बरं. पुढच्या दातांनी चालेल."

सुतळीचं बंडल काढायला आलेली मावशी जाता जाता त्या ट्रकमधल्या उघड्या पोत्यात हात घालून आली होती. गहू गार लागत होता, हाताला चिकटत होता. तिला चावायची गरजच नव्हती.

"मी आता पोती शिवते," ती म्हणाली. "तुमच्या दाढा शाबूत आहेत. तुम्ही चावा."

हमाल थांबले. मालकाने त्यांच्याकडे बघितलं, दाणा तोंडात टाकला आणि चावला.

"काय, कडक का नरम?" एका हमालाने विचारलं.

मालकाने मावशीच्या तोंडाकडे बघितलं. तिने ते गच्च मिटलं होतं.

"कडक," मालक म्हणाला. "उतरवा."

मावशीने सुई घेतली, सुतळी ओवली आणि आत आलेल्या पहिल्या पोत्याचं तोंड शिवायला बसली.