बैलाचं पान

आमचं पुस्तक काही पुरं होईना, पण त्याचे किस्से मात्र दर गुरुवारी एकेक वाढत गेले. आता कुणी भेटलं की पुस्तकाचं विचारतच नाही, "नवीन काय झालं ते सांग" म्हणतं. सांगतो बाबांनो, पण हसायला येईलच असं नाही.

पुस्तक म्हणजे ग्राफिक नॉव्हेल, चित्रांतून सांगितलेली कादंबरी. चित्रं संपतची, शब्द माझे. दोघंही सणसवाडीच्या एकाच कंपनीत. तो क्वालिटीला, मी स्टोअरला. गुरुवारी सुट्टी, मग माझ्या खोलीवर बैठक. गोष्ट आमच्याच भागातल्या माणसांची, फक्त प्रत्येकाला तोंड जनावराचं. संपतचा नियम एकच: ज्याला जे जनावर दिलं, त्याचा शेवट त्या जनावरासारखा. नंतर बदलायचा नाही. हा नियम मीच उचलून धरला होता, त्याचं आता वाईट वाटतं.

*

लेबर कॉन्ट्रॅक्टरला त्यानं बगळा केला. नांगराच्या मागं मागं चालून वर आलेले किडे टिपणारा. किड्यांना तोंडं आमच्या हेल्पर पोरांची! ते चित्र कसं कोण जाणे कॉन्ट्रॅक्टरच्या मोबाईलवर गेलं. नोकरी गेली असं धरूनच बसलो होतो आम्ही. दुसऱ्या दिवशी त्यानं संपतला बोलावून पाठीवर थाप मारली.

"पांढराशुभ्र काढलास गड्या! लय रुबाबदार."

आठवडाभर तोच त्याचा डीपी होता. किडे तेवढे डीपीच्या गोलात कापले गेले होते.

*

मालकाला कोणतं तोंड द्यायचं यावर मात्र आमचं जमेना. मी म्हणालो, बिबट्या करू. आमच्याकडं उसात बिबटे, दिवस मावळायच्या आत लोक पोरं घरात घेतात, वाचणाऱ्याला लगेच कळेल. संपतनं मान हलवली.

"न्हाई बसत. बिबट्याला पिंजरा लागतो. मालकाला कवा लागलाय?"

*

रामधनी बिहारचा, पॅकिंगला होता. त्याला कबूतर केलं. तिसाव्या पानावर ते उडून घरी जातं. गड्याला एवढं आवडलं की त्यानं फोटो काढून बायकोला पाठवला. त्याच महिन्यात ऑर्डरी कमी झाल्या आणि पहिला त्यालाच काढला. बॅग घेऊन निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "भैया, आपने तो पहले ही लिख दिया था." हसत म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग शांतामावशी. गेटसमोर तिची चहाची टपरी. पुस्तकात ती कोंबडी, आणि पस्तिसाव्या पानावर तिचं खुराडं मोडतं. पंधरा दिवसांत रस्ता रुंद करताना टपरी उचलली. मावशीनं आम्हाला काही दोष दिला नाही, संपतनं स्वतःला दिला. मी समजावलं, अरे रस्त्याच्या खुणा वर्षापूर्वीच मारल्यात, ऑर्डरी कमी होणार हे मला स्टोअरमध्ये दिसत होतं, आपण दिसलं ते काढलं. "व्हय," म्हणाला. पण पेन्सिल काही उचलेना. कारण पुढचं पान बैलाचं होतं.

*

बैल म्हणजे संपतचे वडील, आप्पा. वडगाव रासाईला नदीकाठी शेती, ट्रॅक्टर येईपर्यंत सगळी बैलांवर केलेली. पुस्तकात बैल मरतो, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलेलं. तेव्हा आप्पा ठणठणीत होते. आता ते दौंडला दवाखान्यात, दोन्ही किडन्या गेलेल्या. मी म्हणालो, जगव बैल, खड्ड्यात गेला तो नियम. तर म्हणाला, जगवला तर सगळं पुस्तक खोटं, आन् मारला तर... आणि वही मिटून ठेवली. तीन गुरुवार ते पान कोरं राहिलं.

*

चौथ्या गुरुवारी दुपारी आम्ही दवाखान्यात होतो. आप्पांनी चित्रांची वही मागून घेतली. एकेक पान उलटत बगळ्याला हसले, कोंबडीला चुकचुकले आणि कोऱ्या पानावर थांबले. इथं काय यायचंय, असं त्यांनी दोनदा विचारलं. संपत पेन्सिलीला टोक करायला लागला. त्यांना कळलं असावं.

"काढ," म्हणाले. "मला बघायचंय कोण कोण येतंय."

खाटेच्या कडेला बसून संपतनं तासाभरात काढलं. बांधाजवळ खड्डा, आडवा पडलेला बैल, भोवती सगळी जनावरं. आप्पा अमक्याला पुढं घे, तमक्याला लांब उभा कर, असं सांगत होते. पान झाल्यावर त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. 

"नाकातली वेसण तशीच ठेवलीस व्हय रं? माती देताना काढत्यात."

संपत खिशात खोडरबर शोधायला लागला. तेवढा वेळ आप्पा थांबले नाहीत. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि बैलाच्या नाकापाशी घासत राहिले, कागद फाटेपर्यंत.