पहिले बल्ब

"पहिले बल्ब," असं म्हणून चाचा समोरच्याच्या हातातून ड्रिल काढून घ्यायचे. मग स्वतः बनवलेल्या रेग्युलेटरला शंभर वॉटचा पिवळा बल्ब जोडून बटण सावकाश फिरवायचे. उजेड न अडखळता वाढला, तरच ड्रिलचा नंबर. असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. पण नीट पेटलेल्या बल्बला "शुक्रिया" म्हणणारा मला हा एकच भेटला.

आखातात मोटरी दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते नवीन पनवेलला, आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले होते.

माझी आई बाथरूममध्ये घसरली, तेव्हा आमची खरी ओळख झाली. हाडं वाचली, पण धरायला दांडी असल्याशिवाय तिला एकटीला आत सोडायची सोय नव्हती आणि सोबत कुणी आलेलं तिला चालत नव्हतं. म्हणून तिनं पाणी पिणंच कमी केलं. मी ड्रिल आणलं, चालू केलं आणि पहिल्या झटक्यात एका टाइलच्या चार केल्या.

आवाज ऐकून आलेल्या चाचांनी टाइल पाहिली, मग मला पाहिलं.

"मशीन एकदम सुटते साहेब. टाइलला आधी सलाम करायला पाहिजे."

त्यांनी पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचा नुसता डबा घेतला आणि आतला माल फेकला. मी कारण विचारलं.

"पंखा हवा कापतो, ड्रिल भिंत. दोघांची भूक वेगळी."

आत त्यांनी हवी तेवढीच वीज सोडणारा तीन पायांचा ट्रायॅक बसवला आणि तो तापू नये म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली. बटणाभोवती आकडे नव्हते. सगळ्यात जास्त वेगाला 'लाकूड', मध्ये 'लोखंड' आणि अगदी खाली 'आई' असं लिहिलं होतं.

टाइल शाबूत राहिली, दांडी बसली. आई आत गेली, तिनं कडी लावली. पाण्याचा आवाज येईपर्यंत चाचा जिन्यात उभे होते. मला रडू आलं. ते म्हणाले, "धूळ फार उडाली."

डबा त्यांनी आमच्याकडेच ठेवला. "तुमच्याकडेही एक दांडी लावू या का?" मी विचारलं.

"चाचीला? ती मला पाडेल, स्वतः नाय पडणार."

चाचांना जाऊन आता वर्ष होईल. गेल्या आठवड्यात चाचींनी बोलावलं. त्यांना दांडी हवी होती.

मी डबा नेला, घाईघाईत ड्रिल जोडायला घेतलं. चाचींनी ते हातातून काढून घेतलं आणि कपाटातून पिवळा बल्ब आणून दिला. मी बटण 'आई'पासून हळूहळू वर नेलं. उजेड कुठेही अडखळला नाही.

"शुक्रिया," चाची बल्बला म्हणाल्या.